गोपुरी ते देहू

१९६० च्या आसपास सुहास मापुसकर नावाचे पंचविशीतले डॉक्टर देहूच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. तुकोबांचे देहू, पुण्याहून फार लांब नाही, इंद्रायणीच्या काठावरचे. खेड्यातल्या दवाखान्यात दिसतात तेच रोग इथेही होते. कुणाला हगवण, कुणाला आव, कुणाला कावीळ, तर कुणाचा विषमज्वर उतरायला तयार नाही. मुले पोट पुढे आलेली आणि हातापायांच्या काड्या झालेली, जंतांनी पोखरलेली. डॉक्टर औषध देत, रुग्ण बरा होई आणि काही दिवसांनी तोच रुग्ण तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात उभा राही.

गावात संडास नव्हते. सगळे परसाकडे जात, म्हणजे वाटेच्या कडेला, ओढ्याच्या काठाने, नदीच्या उतारावर. त्या काळी महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावाची हीच तऱ्हा होती. गावात शिरताना आधी हागणदारी लागायची, मग वेस. परका माणूस नाकाला धोतराचा सोगा लावून ती वाट ओलांडायचा आणि गावकऱ्यांना त्याचे काही वाटायचे नाही. नव्या डॉक्टरांना मात्र वाटले. रोग दवाखान्यात संपत नाही, तो रोज पहाटे त्या वाटेवर नव्याने पेरला जातो, हे त्यांना फार लवकर कळले. पुढची तीस वर्षे आणि त्यानंतरचेही आयुष्य त्यांनी या एका गोष्टीच्या मागे घालवले.

अंकुशकृमीचा प्रवास पाहिला की डॉक्टरांची तळमळ कळते. एकेक मादी कृमी दिवसाला हजारो अंडी घालते. ती विष्ठेतून बाहेर पडतात. ओलसर, सावलीची जमीन मिळाली की आठवडाभरात त्यांतून केसासारख्या बारीक अळ्या निघतात आणि मातीत वाट पाहत राहतात. अनवाणी पाय पडला की अळी बोटांच्या बेचक्यातल्या मऊ कातडीतून आत शिरते. तिथून रक्तात, रक्तातून फुफ्फुसात, फुफ्फुसातून खोकल्याबरोबर घशात, आणि थुंकी गिळली की थेट आतड्यात. तिथे ती भिंतीला चावा घेऊन चिकटते आणि रक्त पीत राहते. असे शंभर-दोनशे कृमी पोटात असलेली बाई फिक्कट पडते, हंडा घेऊन चढण चढताना तिला धाप लागते. ती गरोदर असेल तर दोन जिवांवर बेतते. औषधाने पोटातले कृमी पडतात. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती बाई जाते कुठे? त्याच झुडपाआड, त्याच ओल्या मातीत, त्याच अनवाणी पायांनी.

त्या पहाटेबद्दलही सांगायला हवे, कारण आरोग्याच्या इतिहासात ती क्वचितच नोंदली जाते. पुरुष दिवसाउजेडी टमरेल घेऊन जाऊ शकत होता. बाईला मात्र एक तर तांबडे फुटण्याआधी जावे लागे, नाही तर दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात पोटात कळ आली तर दाबून धरायची. त्यासाठी बायका पाणी कमी पीत, रात्रीचे जेवण हात राखून घेत. पावसाळ्यात तर हाल विचारू नयेत. चिखल, साप-विंचू, आणि पुरुषमाणूस समोरून आला की अर्ध्यातून उठून उभे राहणे. बाळंतीण, म्हातारी, आजारी बाई यांच्यासाठी वेगळी सोय नव्हती. सगळे आयुष्य असे काढलेल्या स्त्रियांनी याबद्दल ब्र काढला नाही, कारण याबद्दल बोलायचेच नसते असे त्यांना लहानपणापासून शिकवलेले होते.

देहूसारख्या ठिकाणी या सगळ्यावर यात्रेची भर पडे. ज्येष्ठात पालखी निघायची, फाल्गुनात बीजेला गर्दी लोटायची. हजारो माणसे एकदोन दिवसांसाठी नदीकाठी उतरत, तिथेच बसत, तिथेच आंघोळ करत आणि तेच पाणी पीत. पटकीची साथ वारीच्या वाटेने गावोगाव जाते, हे एकोणिसाव्या शतकापासून सरकारच्या आरोग्य खात्याला ठाऊक होते. त्यावर उपाय म्हणून वारकऱ्यांना टोचले जाई आणि विहिरींत लाल औषध पडे. साथ ओसरली की वाट पूर्वीसारखीच.

मग शहरांत काय होते? शहरांत संडास होते, आणि ती कथा हागणदारीपेक्षा जास्त लाजिरवाणी आहे. पुण्या-सोलापूरच्या वाड्यांत, कोकणातल्या नगरपालिकांच्या गावांत टोपली-संडास असत. वर दगडाच्या दोन पायऱ्या, खाली टोपली किंवा डबा. वाड्याच्या मागे अरुंद बोळ आणि त्या बोळात उघडणारे गुडघाभर उंचीचे दार. घरातली माणसे पुढच्या दाराने ये-जा करत आणि त्यांचा मैला मागच्या बोळातून दुसऱ्या माणसाच्या डोक्यावरून जाई. पावसाळ्यात पाटीतून ओघळ त्या माणसाच्या मानेवर, खांद्यावर उतरत. ते काम ठरावीक जातींत जन्मलेल्यांनीच करायचे, हा नियम कुठल्या कायद्याच्या पुस्तकात लिहावा लागला नाही. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या इतरांची घरे स्वच्छ ठेवली त्यांनाच अस्वच्छ ठरवून गावाबाहेर ठेवले गेले. घर स्वच्छ दिसते एवढ्यावर समाधान मानणाऱ्या समाजाने सफाईचा खरा खर्च कुणाच्या अंगावर पडतो हे कधी पाहिलेच नाही. मुंबई सरकारने १९४९ साली या कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली. डोक्यावरून मैला नेणे बंद करा, हातगाड्या द्या, अशा तिच्या शिफारशी १९५५ मध्ये केंद्र सरकारने सगळ्या राज्यांकडे धाडल्या. त्या बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिल्या.

हा प्रश्न ज्याने स्वतःच्या हातांनी सोडवायला घेतला तो माणूस कोकणातला होता. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजेच अप्पासाहेब. जन्म १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या ब्राह्मण घरातला. बुद्धी तल्लख, शिक्षण उत्तम, पुण्यात प्राध्यापकी. ते सगळे सोडून ते गांधीजींच्या साबरमती आश्रमात गेले आणि तिथून परत कोकणात आले. १९३० चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह महाराष्ट्राच्या आठवणीत आहे, त्याच्या पुढाऱ्यांत ते होते. मात्र त्यांची खरी लढाई पुढे १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात झाली, आणि ती मागणी ऐकून तुरुंगाधिकारी चक्रावले असतील. अप्पासाहेबांना कैदी म्हणून संडास साफ करण्याचे काम हवे होते. तुरुंगाचे नियम म्हणत होते की उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येणार नाही. म्हणजे जातीची उतरंड तुरुंगाच्या भिंतीआडही सरकारी शिक्क्यानिशी पाळली जात होती. अप्पासाहेबांनी अन्नसत्याग्रह आरंभला. ही बातमी येरवड्यात गांधीजींना कळली. पुणे करार होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते, त्या वेळच्या उपोषणाने शरीर खंगलेले होते. तरीही डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी अप्पासाहेबांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला आणि सरकारने या प्रकरणात लक्ष घालण्याचे आश्वासन दिल्यावर तो सोडला. स्वातंत्र्यलढ्यात किती मागण्यांसाठी किती उपोषणे झाली. दुसऱ्याची घाण आपल्याला उचलू द्या, या मागणीसाठी झालेले हे उपोषण मला त्या साऱ्यांत वेगळे वाटते.

पण अप्पासाहेब तिथे थांबले नाहीत, आणि त्यांचे मोठेपण मला यात दिसते. ब्राह्मणाने झाडू हाती घेतला, पाटी उचलली, त्याचा गाजावाजा झाला, म्हणून मेहतराच्या डोक्यावरची पाटी उतरत नाही. पाटीच नको, असा संडास काढला पाहिजे. १९४८ साली कणकवलीजवळ वागदे इथे त्यांनी गोपुरी आश्रम उभा केला. मेलेल्या गुरांची कातडी सोडवणे, चामडे कमावणे, हाडामांसाचे खत, शेणाचा गॅस, अशी जी कामे समाजाने खालची ठरवली होती ती सगळी तिथे सगळ्या जातींच्या हातांनी चालत. आणि तिथेच गोपुरी संडास आकाराला आला.

या संडासाची करणी अगदी साधी होती. जमिनीच्या वर शेजारी-शेजारी दोन बंद हौद, त्यांवर बसायची जागा. एका वेळी एकच हौद वापरायचा. प्रत्येक वापरानंतर वरून राख, कोरडी माती किंवा पालापाचोळा ओंजळभर टाकायचा. त्याने ओल शोषली जाते, वास मरतो, माशी बसत नाही. पहिला हौद भरला की तो बंद करून दुसरा वापरात घ्यायचा. बंद हौदात मैला आणि पाचोळा काही महिने मुरत पडतो. मग मागच्या बाजूचे दार उघडले की आत असते ती भुसभुशीत, काळसर, मातीच्या वासाची खताची रास. ती फावड्याने ओढून पाटीत भरायला घरमालकाला किळस वाटायचे कारण उरत नाही, तो ती उचलून थेट माडाच्या आळ्यात टाकू शकतो. हे खत शेणखतापेक्षा कसदार असते, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. ज्या कामासाठी एका जातीला जन्मभर राबवले जात होते, ते काम या दोन हौदांनी आणि ओंजळभर राखेने सुटत होते.

आता पुन्हा देहूकडे. मापुसकरांनी गावकऱ्यांना समजावून पहिले काही संडास बांधवून घेतले होते. त्या काळी सरकारी संस्थांनी लखनौ, सिंगूर, पूनमल्ली, नजफगड अशा ठिकाणी प्रयोग करून खड्ड्याच्या संडासांचे नमुने तयार केले होते. पावसाळा आला आणि देहूतले ते पहिले संडास ढासळले. जमिनीत पाणी भरले की कच्च्या खड्ड्याची कड सुटते, आणि वरची लादी, भांडे, आडोसा सगळे आत जाते. ज्यांनी डॉक्टरांवर विश्वास टाकला होता त्यांच्या अंगणात खचलेला खड्डा होता आणि हसणारे शेजारी होते. सरकारी नोकरीतल्या माणसाने इथे हात झटकले असते तर कुणी त्याला दोष दिला नसता. मापुसकर मात्र संडास म्हणजे काय हे मुळापासून शिकायला निघाले, आणि ते शिकण्याची वाट त्यांना अप्पासाहेबांपर्यंत घेऊन गेली. अप्पासाहेब तेव्हा सत्तरीच्या घरात होते. कोकणातला गांधीवादी आणि घाटावरचा तरुण डॉक्टर यांची ही गाठ महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातली मोठी घटना आहे. तिची शताब्दी-सुवर्णमहोत्सव कुणी साजरे करत नाही.

अप्पासाहेब पाटीच्या दिशेने या प्रश्नाकडे आले होते आणि मापुसकर रोगाच्या. दोघांचे उत्तर एकच निघाले. मैला जिथे पडतो तिथेच मातीच्या हवाली करायचा, माशी, पाणी आणि माणसाचा हात यांपैकी कुणालाही तो लागू द्यायचा नाही, आणि तो निर्धोक झाल्यावरच बाहेर काढायचा. आपल्याकडे लोक पाणी वापरतात, म्हणून तिरके गुळगुळीत भांडे आणि त्याखाली वाकडी नळी. त्या वाकात दोन बोटे पाणी कायम साचून राहते आणि खालचा वास नि माशी दोन्ही अडवते. पुढे दोन शोषखड्डे, आतून विटांचे जाळीदार बांधकाम, तळ मातीचा. पाणी भोवतालच्या जमिनीत झिरपते, वायू मातीत जिरतो, घट्ट भाग खाली साचतो. पाचसहा माणसांच्या घराला एक खड्डा तीनेक वर्षे पुरतो. तो भरला की बोळा फिरवून दुसरा चालू करायचा. पहिला दीड-दोन वर्षे झाकून ठेवला की आतले जंतू आणि जंतांची अंडी मरतात आणि खत तयार होते. विहिरीपासून पन्नास फुटांचे अंतर राखायचे, एवढे पथ्य.

खड्डा बांधणे सोपे होते, माणसांचे मन वळवणे अवघड. घरात देव आहेत, चूल आहे, तिथे संडास कसा बांधायचा, हा प्रश्न कुचेष्टेचा नव्हता. पिढ्यान् पिढ्यांच्या सोवळ्यातून तो आलेला होता. ज्यांनी फक्त टोपली-संडास पाहिला होता त्यांना संडास म्हणजे घाणेरडी जागाच माहीत होती, आणि त्यांचे चुकतही नव्हते. त्यामुळे चांगला संडास डोळ्यांनी दाखवावा लागला, जवळ उभे राहून वास घ्या म्हणावे लागले. डॉक्टर घरोघर फिरत राहिले. असे एकेक घर करत करत १९८० पर्यंत देहूत घरोघरी संडास झाले.

या तारखेचे मोल कळायला देशाकडे पाहावे लागेल. १९८० च्या सुमारास भारतातल्या ग्रामीण भागात संडास असलेली घरे शंभरात जेमतेम एक होती. ग्रामीण स्वच्छतेचा केंद्र सरकारचा पहिला मोठा कार्यक्रम सुरू व्हायचा होता, तो १९८६ साली झाला. महाराष्ट्रात संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघाले ते २००० साली. ज्या बाबांनी आयुष्यभर गावोगाव आधी खराटा चालवला आणि मग कीर्तन केले, त्यांचे नाव त्या अभियानाला शोभणारेच होते. देहू त्याच्या वीस वर्षे पुढे होते, आणि तेही एका आरोग्य केंद्राच्या डॉक्टरच्या चिकाटीवर.

घरोघरी हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. गावातल्या शंभर घरांपैकी साठांनी संडास बांधले तर रोग साठ टक्क्यांनी घटतो असे होत नाही. उरलेल्या चाळीस घरांच्या मैल्यावर बसलेली माशी कुणाच्या ताटावर बसायचे हे घर पाहून ठरवत नाही. पावसाचे पाणी हागणदारीवरून वाहत विहिरीत उतरते आणि त्या विहिरीवर सगळे गाव पाणी भरते. ज्याच्या घरी संगमरवरी संडास आहे त्याचे मूलही शाळेत जाताना त्याच वाटेने जाते. वरचेवर हगवण झालेल्या लहान मुलाचे आतडे अन्नातला कस नीट शोषून घेऊ शकत नाही, मग पोटभर खाऊनही ते खुजे राहते. म्हणून शेवटच्या घराचा संडास हा पहिल्या घराच्याही आरोग्याचा प्रश्न असतो. आणि शेवटचे घर बहुतेक वेळा भूमिहीनाचे, विधवेचे, गावकुसाबाहेरचे असते, जिथे खड्डा खणायला जागाच नसते. मापुसकर त्या घरापर्यंत गेले, देहूच्या यशाचे मर्म तिथे आहे.

यात्रेकरूंचा प्रश्न राहिला होता. त्यासाठी त्यांनी मैल्यापासून गॅस करण्याचे संयंत्र विकसित केले, त्याला नाव दिले ‘मलप्रभा’. सार्वजनिक संडासातला मैला हवाबंद टाकीत कुजतो, त्यातून जळणारा वायू निघतो, त्यावर अन्न शिजते. संडासाच्या गॅसवर शिजवलेले खायचे का, हा वाद अर्थातच झाला असेल. पण निळी ज्योत जात विचारत नाही आणि धूरही करत नाही. पुढे मापुसकरांनी देहूत संस्था काढली आणि तिला अप्पासाहेब पटवर्धनांचे नाव दिले. ठिकठिकाणचे कार्यकर्ते तिथे येऊन खड्डा, भांडे, नळी, गॅस यांचे शिक्षण घेऊ लागले. अप्पासाहेब १९७१ मध्ये गेले, मापुसकर २०१५ मध्ये. २०१७ साली सरकारने मापुसकरांना मरणोत्तर पद्मश्री दिली.

मधल्या काळात सरकारी योजना आल्या, अनुदाने वाटली गेली, बांधलेल्या संडासांत कडबा नि गोवऱ्या भरल्या गेल्या, आणि हळूहळू वापरही वाढला. तरी २०११ च्या जनगणनेत देशातल्या निम्म्याहून अधिक घरांत संडास नव्हता. २०१४ नंतर बांधकामाचा वेग प्रचंड वाढला आणि आज महाराष्ट्रातल्या खेड्यांत संडास नसलेले घर शोधावे लागते. ही मोठी गोष्ट आहे, ती खुल्या मनाने मान्य केली पाहिजे.

पण नव्या घरांच्या मागे चक्कर मारली की काळजी वाटते. लोकांना दोन उथळ खड्डे नको असतात, सिमेंटची खोल सेप्टिक टाकी हवी असते, कारण ती पिढीभर भरत नाही असे गवंडी सांगतो. टाकीत फक्त घट्ट भाग साचतो. वरचे पाणी जंतूंनी भरलेले असते आणि बहुतेक ठिकाणी त्याची नळी थेट उघड्या गटारात सोडलेली असते. गटार ओढ्याला मिळते आणि ओढा नदीला. हागणदारी वाटेवरून उठून पाण्यात गेली, एवढाच फरक पडला. आणि टाकी एक ना एक दिवस भरतेच, तेव्हा ती उपसायला ज्याला बोलावतात तो त्याच जातींतला असतो ज्यांच्या डोक्यावर पूर्वी पाटी होती. टाकीतल्या विषारी वायूने गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या आजही येतात. अप्पासाहेबांनी ज्याच्यासाठी अन्न सोडले होते ते अजून संपलेले नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्यांनी एवढे करावे. आपल्या घराच्या मागे जाऊन टाकीची नळी कुठे सुटते ते बघा. ती गटारात सुटत असेल तर शोषखड्डा खणून त्यात सोडा. वर गेलेल्या वायुनळीच्या तोंडाला जाळी बांधा, म्हणजे डास होणार नाहीत. नवे घर बांधत असाल तर गवंड्याचे न ऐकता दोन शोषखड्डे घ्या. आणि टाकी भरली तर यंत्राची गाडी बोलवा, माणूस आत उतरवू नका. २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.